कृतज्ञ आणि मिंधा

दरवर्षी एस.एस.एल.सी.चा निकाल लागून महिना-पंधरा दिवस झाले, की माझ्या कार्यालयात एक लहानसा समारंभ होतो. समारंभ म्हणायचे एवढेच. हार नसतात, ध्वनिक्षेपक नसतो, चहा आमच्या शिपाईमामांनीच केलेला असतो. घरची परिस्थिती बेताची असूनही पुढे शिकण्याची जिद्द असलेल्या दोन मुलांना त्या दिवशी एक स्मृती-शिष्यवृत्ती दिली जाते. एक मूल आमच्या मराठी हायस्कूलमधले, दुसरे रस्त्यापलीकडच्या कन्नड हायस्कूलमधले. पी.यू.सी.च्या दोन वर्षांची फी, पुस्तके आणि बसचा पास एवढा खर्च त्यातून भागतो. निपाणी परिसरातील आमच्या गावी आयुष्यभर वकिली केलेल्या, पण वकिलीपेक्षा मानवी हक्कांच्या कामासाठीच ओळखल्या गेलेल्या एका गृहस्थांच्या स्मरणार्थ ही शिष्यवृत्ती आहे. २००९ साली ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मित्रांनी ती सुरू केली. सारे गाव त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणे. मीही येथे तेवढेच म्हणतो. आपले नाव छापून आलेले त्यांना कधी आवडले नाही. शिष्यवृत्तीला दिलेलेही आवडले नसते.

शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाने समितीला आभाराचे पत्र लिहायचे, असा प्रघात आहे. मुलांना पत्र जमत नाही म्हणून मजकूर मीच सांगतो. गेली आठ वर्षे सांगत आलो आहे. ‘आपल्या उपकारांचे ओझे मी जन्मभर विसरणार नाही,’ हे त्यातले ठरलेले वाक्य.

यंदाची आमची मुलगी अबोल आहे. आई घरी विड्या वळते. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आता दम्याने अंथरुणाला खिळले आहेत. मी सांगत होतो, ती लिहीत होती. ‘उपकारांचे ओझे’ येथे तिचे पेन थांबले.

“सर, एक इचारू?”

“विचार की.”

“शिक्षण हा हक्क हाय, असं तुम्हीच शिकवलंय. मग ह्यो उपकार कसा?”

तिच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. गणितातली एखादी पायरी सुटली तर मूल जसे विचारते, तसे तिने विचारले. मी म्हणालो, “आज पत्र राहू दे. उद्या बघू.” तो ‘उद्या’ माझ्यासाठी बराच लांबला. या लेखातही मी त्याच प्रश्नापाशी उभा आहे.

हे वाक्य माझ्या तोंडी कोठून आले, ते आधी सांगतो. १९८१ साली मी आठवीत होतो. फी परवडत नसे म्हणून वडिलांनी नादारीचा अर्ज केला होता. आजच्या मुलांना ‘नादारी’ हा शब्द ठाऊक नाही, हे एका परीने बरेच आहे. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. त्याला फी माफ. सवलत चांगली होती. ती देण्याची रीत मात्र चांगली नव्हती. यादी भर वर्गात वाचली जाई आणि नाव आले की उभे राहायचे. वर्षाच्या शेवटी आम्हा उभे राहणाऱ्यांकडून एक पत्र लिहून घेत. त्यात ते ओझ्याचे वाक्य होते. त्या नादारीमुळेच मी शिकलो, एम.ए. झालो, मास्तर झालो. पण त्या दिवसांची आठवण झाली की मनात प्रथम येते ती शरम. आभार मागाहून येतात, तेही कर्तव्य म्हणून. आणि मोठा झाल्यावर मी काय केले? तेच वाक्य दुसऱ्यांच्या मुलांना सांगू लागलो.

आपल्या मराठीत या शरमेला एक नेमका शब्द आहे: मिंधा. ज्याचे खाल्ले त्याच्यापुढे ज्याला मान वर करता येत नाही, तो मिंधा. ‘कृतज्ञ’ हा निराळा शब्द आहे. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, की कन्नडमध्येही कृतज्ञतेला हाच शब्द आहे. केलेले जाणणारा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात वाकणे नाही, ओझे नाही. उलट आपला ‘आभार’ पाहा. त्याच्या पोटातच भार आहे. मिंध्याचे डोळे जमिनीकडे लागलेले असतात. कृतज्ञाला डोळे उघडे ठेवून पाहावे लागते, की हे कोणी केले, कसे केले, त्यासाठी काय सोसले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शिक्षण हा हक्क आहे हे खरे. पण तो आभाळातून पडलेला नाही. आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात असा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसे विधेयक मांडले, पण सरकारी बहुमताने ते फेटाळले गेले. स्वातंत्र्यानंतर घटनेने मुलांच्या शिक्षणाचा विषय मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला; म्हणजे सरकारने प्रयत्न करावा, पण न केल्यास न्यायालयात दाद मागता येणार नाही. १९९२ साली मोहिनी जैन या मीरतच्या विद्यार्थिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा हक्क असल्याचे म्हटले. तो खटला आपल्या कर्नाटकातल्याच एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या फीवरून उभा राहिला होता. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने त्या हक्काला मर्यादा घातली: वयाच्या चौदा वर्षांपर्यंत. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन कलम २१-अ आले, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

एवढा इतिहास आठवल्यावर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की आज जो हक्क आहे तो काल कोणाची तरी कळकळ होता, आणि त्याच्याही आधी कोणाची तरी चेष्टेवारी नेलेली मागणी होता. राजाच्या मनात आले म्हणून एका संस्थानातली मुले शिकली, ही दया झाली. राजा असो वा नसो, मूल शिकेलच, हा हक्क झाला. दयेचा हक्क होईपर्यंत मध्ये अनेक पिढ्यांची माणसे खर्ची पडतात. दुसरी गोष्ट त्या मुलीपुरती. तिचा कायदेशीर हक्क चौदाव्या वर्षी संपला. ती आता सोळा वर्षांची आहे. कायद्याची भिंत संपते तेथून पुढे तिच्या पायाखाली ही शिष्यवृत्तीच आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत पाहिले, तर ही मदत उपकारच ठरते.

परंतु वकीलसाहेब काय म्हणाले असते? त्यांची ओळख करून दिल्यावाचून हा प्रश्न सुटायचा नाही.

१९७६ साली, आणीबाणीच्या काळात, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी एक संघटना उभी राहिली. ती आज पी.यू.सी.एल. या नावाने ओळखली जाते. तिच्या उभारणीत न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचा मोठा वाटा होता. तारकुंडे मूळचे सासवडचे, जन्म १९०९ चा. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ साली आपण होऊन त्यांनी ते पद सोडले. पुढे २००४ पर्यंतचे आयुष्य ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही अशांसाठी त्यांनी घालवले. १९७७ मध्ये आंध्रातल्या पोलीस चकमकींत मारल्या गेलेल्या नक्षलवाद्यांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. नक्षलवाद्यांचे राजकारण त्यांना मान्य नव्हते. पण आपल्याला न पटणाऱ्या माणसाचाही जीव कायद्याशिवाय घेता येत नाही, हे त्यांना मान्य होते. आमचे वकीलसाहेब तारकुंडे यांना गुरुस्थानी मानत.

वकीलसाहेबांचे काम मात्र तालुक्याच्या कोर्टातले, जामिनाचे. कच्च्या कैद्याला जामीन मिळणे आणि तो प्रत्यक्ष सुटणे यांत किती अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांनाच ठाऊक. न्यायाधीश म्हणतात, अमुक रकमेचा जामीनदार आणा. गरिबाला जामीनदार कोठला? उतारा हवा, पगाराचा दाखला हवा, तारखेला येण्याची तयारी हवी. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले जे वास्तव उघड झाले, ते हेच होते. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जी शिक्षा होऊ शकते, तिच्याहून अधिक काळ माणसे खटल्याविना आत पडून होती. ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी ती याचिका नेली. जातमुचलक्यावरही सोडता येते, आणि त्वरित न्याय हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. त्या निकालाने जे सुटले, त्यांतल्या कितीजणांना त्या वकीलबाईंचे नाव ठाऊक असेल?

आमचे वकीलसाहेब कैद्याची भाषा विचारत नसत. सीमाभागात हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे. मराठी मोर्चातल्या पोरांचे वकीलपत्र घेतले म्हणून कन्नड मंडळी रागावत. कन्नड शेतमजुराचे घेतले, की आमची मंडळी त्यांना घरभेदी म्हणत. ते दोघांशीही त्यांच्या-त्यांच्या भाषेत हसून बोलत. सुटलेला माणूस तांदळाचे पोते, गुळाची ढेप घेऊन येई, पाया पडू लागे. ते पोते परत पाठवीत आणि म्हणत, “माझं एक काम कर. पुढच्या आठवड्यात एकाची तारीख आहे. तू त्याला जामीन राहा.” मानवी हक्क या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे. त्याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आता जे लिहिणार आहे, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

१९९८ साली आमच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका हमालाच्या मुलाला वखारीतल्या चोरीच्या संशयावरून पकडले. कोर्टाने जामीन मंजूर केला. त्या संध्याकाळी वकीलसाहेब माझ्या घरी आले. मी नोकरीत पाच वर्षे मुरलो होतो, अनुदानित शाळेचा पगार होता. “गुरुजी,” ते म्हणाले, “पोरगा तुमच्या हाताखालचा आहे. तुमचा पगाराचा दाखला पुरेल. राहाल का जामीन?” तो मुलगा चोर नाही, हे मला मनोमन ठाऊक होते. पण नोकरीत कायम होऊन फार दिवस झाले नव्हते, घरात तान्हे मूल होते, आणि पोलिसांच्या कागदावर आपले नाव नको, असे वाटले. मी म्हणालो, “घरात विचारून सांगतो.” घरात मी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टाकडे गेलो नाही. वकीलसाहेब पुन्हा आले नाहीत.

पोरगा तीन आठवडे सब-जेलमध्ये राहिला. शेवटी त्याला जामीन राहिला तो चिकोडीकडचा एक कन्नड शेतकरी. मराठी त्याला जेमतेम कळे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात अटक झाली तेव्हा वकीलसाहेबांनी त्याला सोडवले होते. सतरा वर्षांनी त्याने ते ऋण एका अनोळखी मराठी पोरावर फेडले. पुढे मुलगा निर्दोष सुटला. आज त्याचे पंक्चरचे दुकान आहे. माझी स्कूटर बंद पडली तर पैसे घेत नाही. “सर, तुम्ही शिकवलं म्हणून,” म्हणतो. त्याच्या कृतज्ञतेपुढे मी खरा मिंधा आहे. वकीलसाहेबांनी त्यानंतर भेटीत कधीही तो विषय काढला नाही. “काय गुरुजी, शाळा कशी आहे?” एवढेच विचारीत. २००९ मध्ये त्यांच्या शोकसभेत मी वीस मिनिटे बोललो. भाषण चांगले झाले, असे लोक म्हणाले.

तेव्हा कृतज्ञता म्हणजे काय, हे मला त्या शेतकऱ्याकडून शिकावे लागले. आपल्या जुन्या विचारात माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यांतले ऋषिऋण कसे फिटते? ऋषीला दक्षिणा देऊन नव्हे; तो तर केव्हाच गेलेला. ते फिटते अध्ययनाने, म्हणजे मिळालेली विद्या पुढे चालू ठेवल्याने. ज्याने दिले तो परतफेड घ्यायला उरलेला नसतो, म्हणून ऋण पुढच्याला फेडायचे. स्मृती-शिष्यवृत्तीचे नेमके असेच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य मानले. उपकार कधीच पुरता फिटत नाही, कारण आधी हात पुढे करण्याचा मान देणाऱ्याकडेच राहतो, असेही त्याने म्हटले. एम.ए.ला असताना मला हे वाचून गुदमरल्यासारखे झाले होते, कारण मी फेड मागे वळून शोधत होतो. त्या शेतकऱ्याने कांट वाचला नव्हता. त्याने पुढे पाहिले.

येथे बडोद्याचे उदाहरण आठवते. १९१३ साली सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. १९१७ साली आंबेडकर बडोद्याला रुजूही झाले. पण राहायला घर मिळेना आणि कचेरीतली वागणूक अपमानाची. त्यांना ती नोकरी सोडून निघावे लागले. कराराच्या हिशेबाने पाहणारा म्हणेल, फेड अपुरी राहिली. पण त्या विद्येचे पुढे काय झाले ते देश जाणतो. बडोद्याला दहा वर्षे मिळाली नाहीत. भारताला राज्यघटना मिळाली. ते मिंधे झाले असते, तर निमूट अपमान गिळून त्याच कचेरीत राहिले असते.

कोणी म्हणेल, हे सारे मुलांच्या डोक्यात भरवले तर पोरे आणखी मिजासखोर होतील. आजकाल हक्क सगळ्यांना कळतात, कर्तव्य कोणाला नको. ही तक्रार मी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकतो आणि तीत तथ्य मुळीच नाही असे म्हणणार नाही. फुकट मिळाले म्हणून पुस्तके फाडणारी मुले मी पाहिली आहेत. पण त्यावर उपाय मान खाली घालायला लावणे हा नव्हे. मान खाली घातलेल्या मुलाला देणाऱ्याचे पायच दिसतात, चेहरा दिसत नाही. हक्काची गोष्ट उपकार म्हणून वाटायची सवय तर आपल्या राज्यकर्त्यांना आहेच. जनतेच्या पैशातून दिलेल्या वस्तूवरही आपली छबी छापल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. निदान शाळेने तरी त्यांची शिकवणी घेऊ नये.

शिष्यवृत्तीसाठी पदरचे पैसे घालणाऱ्यांचे आभार मानायचेच नाहीत, असाही याचा अर्थ नाही. आमच्या समितीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते दरवर्षी पेन्शनमधून ठरलेली रक्कम न चुकता आणून देतात. त्यांच्याकडे पाहून ‘धन्यवाद’ म्हणणे ही साधी माणुसकी आहे. मात्र तो शब्द समोरासमोर, उभे राहून, डोळ्यांत पाहून म्हणता आला पाहिजे.

आठवड्याने मी त्या मुलीला बोलावले. या वेळी मजकूर सांगितला नाही. वकीलसाहेबांची, जामिनाची, त्या शेतकऱ्याची हकीकत सांगितली. ‘एका शिक्षकाने नकार दिला,’ एवढे सांगून थांबणार होतो. पण तिचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणालो, “तो शिक्षक मी.” ती काही बोलली नाही. तिने कागद ओढला आणि लिहू लागली. पत्र पाच ओळींचे आहे. त्यात ओझे नाही. वकीलसाहेबांनी काय केले ते मला आज कळले, असे आहे. मी शिकेन, आणि कोणी अडकले तर उभी राहीन, असे आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत.

वकीलसाहेबांचे काम आता एक तरुण वकील पाहतात. जामीन राहू शकणाऱ्या ओळखीच्या माणसांची यादी त्यांच्याकडे असते आणि ती नेहमीच अपुरी पडते. गेल्या महिन्यात मी त्यांना माझे नाव लिहून घ्यायला सांगितले. या वेळी घरात खरेच विचारले. सौ. म्हणाली, “निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि आता आठवलं होय?” आणि मग तिनेच कपाटातली कागदपत्रे काढून दिली. पगाराचा दाखला माझ्या टेबलाच्या खणात तयार आहे. अजून बोलावणे आलेले नाही. आले, की मुलाची भाषा विचारणार नाही, एवढे ठरवले आहे.